घराचे पहिले चार नंबर

पाण्याची टाकी भरून वाहायला लागली की गल्लीत सगळ्यांना कळायचं, फक्त रिलेला कळायचं नाही. गच्चीवरून उतरलेल्या पाइपातून पुढच्या दारापाशी धो धो पाणी पडायचं. समोरचा लाँड्रीवाला इस्त्री उभी करून ओरडायचा, "रिले, टाकी." वरच्या मजल्यावरून बायको ओरडायची. तिच्याहून वरच्या पट्टीत सासूबाई ओरडायच्या. आणि रिले खालच्या कारखान्यात कानांना आवाज अडवणारे मफ लावून, भुशाने माखून, आपल्या यंत्राकडे बघत उभा असायचा. नवीन बाप पाळण्याकडे बघतो तसा.

रिले हे काही त्याचं नाव नव्हतं. रिले म्हणजे काडेपेटीएवढा एक डबा. एका बाजूने बारीकसा इशारा आला की तो टक् असा आवाज करतो आणि दुसऱ्या बाजूची वीज सुरू होते. या माणसाने कारखान्यात आणि घरात असे इतके टक् करणारे डबे बसवले होते, की लोकांनी त्याचं खरं नाव टाकून दिलं. सासूबाई मात्र त्याला मागून 'तारवाला' म्हणायच्या. हा माणूस एक दिवस घराला आग लावणार, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्या कोणापासून लपवत नव्हत्या.

यंत्र लाकडावर नक्षी कोरायचं. कॉम्प्युटरवर चालायचं, म्हणून येणारा प्रत्येक शहाणा म्हणायचा, "मग तुम्हाला काय काम? कॉम्प्युटरच करतो सगळं." असं म्हणणाऱ्याला एकदा त्या यंत्रापुढे एकटा सोडावा आणि बाहेरून दार लावून घ्यावं. यंत्र आपण होऊन काहीही करत नाही. कुठे जायचं, किती खोल जायचं, कधी वर उठायचं, सगळं ओळीओळीने लिहून द्यावं लागतं. आणि लिहिताना चूक झाली, तर ते चूकसुद्धा तेवढ्याच इमानाने करतं. माणूस निदान चुकीचं काम करताना एकदा मान खाजवतो.

यातले बहुतेक हुकूम यंत्राबरोबरच आलेले असतात. पण शंभरच्या पुढचे काही नंबर मालकासाठी मोकळे ठेवलेले होते. मालकाने त्या नंबराची एक छोटी फाइल बनवायची, आत लिहायचं, हा रिले चालू, तो रिले बंद. मग प्रोग्रॅममध्ये तो नंबर आला, किंवा कॉम्प्युटरवर हाताने टाकला, की यंत्र तेवढं काम करून पुढे जाणार. मोकळा नंबर म्हटल्यावर रिलेला राहवणार कसं? एकशे एकला कोरणाऱ्या कटरवर हवेचा झोत सुरू, एकशे दोनला बंद. एकशे तीनला भुसा ओढणारा पंखा सुरू, एकशे चारला बंद. इथपर्यंत सगळं शहाण्या माणसासारखं होतं.

पुढे त्याने घराला हात घातला. एकशे पाचला वरच्या मजल्यावर घंटा. एक घंटा म्हणजे चहा ठेव, दोन म्हणजे पाहुणा आलाय, चहा वाढव, आणि लागोपाठ तीन म्हणजे हातातलं टाक आणि खाली ये. तीन कधी वाजवायची वेळ आली नव्हती. एकशे सहाला पुढच्या दाराची कडी, कारण सासूबाईंचे गुडघे जिना उतरू देत नव्हते आणि दार उघडायला जागचं हलणं रिलेच्या जिवावर यायचं. एकशे सातला पाण्याची मोटर सुरू, एकशे आठला बंद. टाकी भरायला जितका वेळ लागतो तितकाच एका छोट्या चौकटीला लागायचा. म्हणून चौकटीच्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर एकशे सात आणि शेपटीला एकशे आठ. चौकट तयार, टाकी भरलेली. लाँड्रीवाल्याचं ओरडणं थांबलं. त्याला उलट चुकल्याचुकल्यासारखं झालं.

घर सुखात चाललं होतं. मग बायको स्वयंपाकघरातल्या नळावरून बोलली.

नळ गळत होता. त्याच्याखाली तिने निळी बादली ठेवली होती. ती भरली की बायको तिच्यात कपडे भिजवायची आणि बादली पुन्हा नळाखाली जायची. रिले रोज तिथे हात धुवायचा आणि रोज म्हणायचा, बघतो. त्या दिवशी बादलीला त्याचा पाय लागला, पाणी सगळ्या फरशीवर झालं, आणि फडकं फिरवता फिरवता ती अगदी शांतपणे म्हणाली, "यंत्राचा एक स्क्रू सैल झाला तर तुम्ही पानावरून उठता. घराचं काहीही असो, ते आपलं शेवटी."

रिलेला ते लागलं. बायको चिडून बोलली असती तर लागलं नसतं. तो खाली आला, कॉम्प्युटरसमोर बसला आणि नंबरांची यादी उघडून बघू लागला. यंत्राचे नंबर वर, घराचे खाली. बाई खरं बोलत होती.

दुसरा कोणी असता तर वर जाऊन नळाचा वॉशर बदलला असता. रिलेने नंबर बदलले. घंटा एकशे एकवर आणली, दाराची कडी एकशे दोनवर, मोटर एकशे तीन आणि चारवर. हवा आणि पंखा गेले खाली, एकशे पाचपासून आठपर्यंत. सगळ्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये नवे नंबर टाकले, एक चाचणी घेतली. घंटा वाजायची तेव्हा वाजली, पंखा फिरायचा तेव्हा फिरला. वर जाऊन त्याने बायकोला सांगितलं, की आजपासून घर सगळ्यात आधी. तिने नळाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. आणि कणीक मळायला घेतली.

आता सिस्टरविषयी सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीचा सगळा जीव त्यांच्या लाकडाच्या एका फळीत अडकला होता.

सिस्टर प्रसूतिगृहात नर्स होत्या. रिलेची मुलगी जन्मली तेव्हा रडलीच नाही. डॉक्टर वाटेत होते. डॉक्टर नेहमी वाटेतच असतात. सिस्टरांनी त्या निळ्या पडलेल्या पोरीला हातात घेतलं, तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तिच्याशी भांडल्यासारखं काहीतरी पुटपुटत राहिल्या, आणि पोरीने शेवटी असा टाहो फोडला की बाहेरच्या बाकावर बसलेला रिले उभा राहिला आणि त्याला परत बसता येईना. डॉक्टर आले, त्यांनी अभिनंदन केलं आणि कागदावर सही केली. सिस्टर तोवर दुसऱ्या बाईजवळ गेल्या होत्या. ती पोरगी आता शाळेत जाते आणि घरात सगळ्यात मोठ्याने बोलते.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा हॉस्पिटलने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. जन्मभर घड्याळाकडे बघत धावलेल्या बाईला घड्याळ. ज्याच्या डोक्यात ही कल्पना आली त्याला त्याच घड्याळाखाली उभं करून रोज बारा टोले ऐकवायला हवेत. सिस्टरांनी ते घड्याळ कपाटात टाकलं आणि रिलेकडे आल्या. त्यांच्या अंगणातलं झाड वाऱ्याने पडलं होतं. त्याचं लाकूड कापून, वाळवून त्यांनी जपून ठेवलं होतं.

"उभ्याने आयुष्य गेलं," त्या म्हणाल्या. "आता मला बसायचंय. खुर्ची करून दे. पाठीवर वेल काढ, मोठ्या पानांची. आणि पैशाचं आत्ताच बोल."

रिलेने हात जोडले आणि पैशाचं नाव काढलंत तर लाकूड परत घेऊन जा म्हणाला. त्या दोघांची बरीच वादावादी झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा सिस्टर हरल्या.

खुर्चीचे पाय झाले, हात झाले, बैठक झाली. उरली पाठ. पाठीला लागणारी रुंद फळी त्या झाडातून एकच निघाली होती. दुसरी नव्हती. बाजारात लाकूड पुष्कळ मिळतं, पण सिस्टरांच्या अंगणातलं ते झाड बाजारात मिळत नाही. रिलेने फळीवरून हात फिरवला, ती यंत्रावर चारही बाजूंनी आवळली, उंची तपासली, पुन्हा तपासली. इतक्या काळजीने त्याने स्वतःचं लग्नही केलं नव्हतं. वेलीचा प्रोग्रॅम मात्र जुना होता, दारांवर पुष्कळदा चाललेला, एका जुन्या पेनड्राइव्हवर ठेवलेला. नंबर बदलले तेव्हा तो पेनड्राइव्ह खणात पडून होता. रिलेने तो शोधला, पुसला, लावला. त्यात काय तपासायचं? हा तर जुना, विश्वासाचा. माणसं नवीन कामगाराच्या मागे मागे फिरतात आणि जुन्याकडे पाठ करून झोपतात.

सिस्टर दुपारी पाठ बघायला येणार होत्या. रिलेने मफ लावले, यंत्र सुरू केलं, पहिलं पान उमटताना डोळे भरून पाहिलं आणि कोपऱ्यात जाऊन खुर्चीच्या हातांना पॉलिश करायला बसला. यंत्राकडे पाठ करून. शेजारी थिनरचा डबा, एका ठिणगीने पेटणारा, झाकण उघडं. पॉलिशच्या वासापुढे त्याच्या नाकाला दुसरा कुठलाही वास येणार नव्हता.

आता जुना प्रोग्रॅम काय म्हणत होता ते पाहा. सुरुवातीला एकशे तीन, म्हणजे त्याच्या मते भुसा ओढणारा पंखा सुरू. पंखा जागचा हलला नाही. मागच्या अंगणात पाण्याची मोटर सुरू झाली. प्रत्येक पानाच्या आधी एकशे एक, म्हणजे हवेचा झोत. झोत आला नाही. वरच्या मजल्यावर घंटा वाजली. प्रत्येक पानानंतर एकशे दोन, म्हणजे झोत बंद. पुढच्या दाराची कडी टक् करून उघडली. आणि एकशे चार होता अगदी शेवटी. म्हणजे सगळी वेल पुरी होईपर्यंत मोटर थांबणार नव्हती.

वर बायको शाळेचे गणवेश शिवत बसली होती. घंटा वाजली. तिने चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा घंटा वाजली. दोन म्हणजे पाहुणा. तिने पाणी वाढवलं. सिस्टर लवकर आल्या असतील, असं म्हणून दूधही वाढवलं. मग तिसरी वाजली. लागोपाठ नव्हे, सावकाश. बायकोने जरा विचार केला आणि आपल्या मनाशी ठरवलं, की सिस्टरांबरोबर आणखी कोणी आलंय. चौथीला तिने भांडं बदललं.

"किती माणसं बोलावलीत याने?" सासूबाईंनी विचारलं.

"घंटेवरून पाच झालीत."

"आणि बसवणार कुठे? भुशात?"

सासूबाईंचं लक्ष खरं तर दुसरीकडे होतं. त्या जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिथून पुढचं दार सरळ दिसायचं. ते दार टक् करून उघडलं. आत कोणी आलं नाही. वाऱ्याने लोटलं आणि पुन्हा लागलं. थोड्या वेळाने पुन्हा टक्. पुन्हा कोणी नाही. सासूबाईंनी कोण आहे म्हणून विचारलं. उत्तर नाही. त्यांनी जरा आवाज चढवून, घरात माणसं आहेत बरं का, असंही कळवलं. त्यावर दार परत टक् करून उघडलं. तेव्हा मात्र त्यांची खात्री पटली की तारवाला खाली बसून त्यांची थट्टा करतोय. त्या उठल्या. ज्या गुडघ्यांसाठी तीन डॉक्टर झाले होते आणि दोन तेलं झाली होती, ते गुडघे रागाच्या भरात कुरकुर न करता जिना उतरायला लागले.

एव्हाना टाकी भरली होती. पाइपातून दारापाशी पाणी कोसळायला लागलं. समोरचा लाँड्रीवाला कितीतरी दिवसांनी आपलं काम परत मिळाल्यासारखा खुश होऊन बाहेर आला आणि ओरडला, "रिले, टाकी." कोणी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात सिस्टर आल्या. दारावर थाप मारायला त्यांनी हात वर केला आणि पाइपातल्या पाण्याने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत धुऊन काढलं. त्या काय बोलल्या ते लाँड्रीवाल्याने ऐकलं, पण तो अजून ते कोणाला सांगत नाही. थाप मारायच्या आधीच दार आपोआप टक् करून उघडलं.

आत जिन्याच्या मधल्या पायरीवर सासूबाई उभ्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "आज आमच्याकडे दार आपणहून उघडतं."

सिस्टरांनी नाक वर केलं. कारखान्याच्या दाराच्या फटीतून वास येत होता आणि तो पॉलिशचा नव्हता.

आत जे चाललं होतं ते असं. हवा नाही, पंखा नाही, त्यामुळे भुसा जागच्या जागी साठत गेला होता. वेल खालून वर चढत होती. बुंध्याशी मोठी पानं, दूर दूर. शेंड्याकडे बारीक आणि अगदी जवळ जवळ. कटर आता शेंड्याला पोचला होता आणि दाबून बसलेल्या भुशात घासत होता. कटर तापून निळा झाला. भुसा आधी तपकिरी झाला, मग काळा, आणि मग त्यातून एक बारीक धुराची रेघ उठली. यंत्राला त्याचं काही नव्हतं. ते आपलं इमानाने पुढच्या पानाला निघालं होतं. पाच पावलांवर थिनरचा उघडा डबा होता आणि त्याच्याशेजारी रिले, गुणगुणत, खुर्चीच्या हातावर तिसरा हात मारत होता.

शेंड्याची पानं भराभर यायला लागली तशी वरची घंटाही भराभर वाजायला लागली. एक, दोन, तीन, लागोपाठ. बायकोच्या हातातली चहापत्तीची चिमटी तशीच राहिली. मग तिने चहाचं अख्खं भांडं फडक्याने उचललं, कारण ते शेगडीवर ठेवून पळायचं तिला सुचलं नाही, आणि ती ते घेऊन जिन्यावरून धावत सुटली.

कारखान्यात सगळ्यात आधी सिस्टर शिरल्या. त्यांनी आयुष्यात असं यंत्र पाहिलं नव्हतं. पण मोठं, लाल आणि गोल बटण दाबण्यासाठीच असतं, हे समजायला यंत्र माहीत असावं लागत नाही. त्यांनी ते तळव्याने दाबलं. कटर थांबला. मग त्यांनी डोक्यावरची चिंब भिजलेली ओढणी काढली, तिची घडी घातली आणि जखमेवर बोळा दाबावा तशी त्या धुमसणाऱ्या जागेवर दाबून धरली. चर्र झालं. जळता भुसा तेवढा काठावरून खाली सांडला. त्यावर मागून आलेल्या बायकोने सात माणसांचा चहा ओतला.

मग सगळं शांत झालं. फक्त पॉलिशच्या फडक्याचा आवाज येत राहिला.

सासूबाईंनी जाऊन त्याच्या एका कानावरचा मफ उचलला.

"जावईबुवा," त्या म्हणाल्या, "झालं असेल तर इकडे बघा."

रिलेने वळून बघितलं. थांबलेलं यंत्र, भिजलेल्या सिस्टर, भांडं धरून उभी असलेली बायको, जमिनीवर चहाचं तळं आणि त्यातून निघणारी वाफ. त्याने आधी पंख्याकडे पाहिलं. मग हवेच्या नळीकडे. बाहेर पाइप वाहत होता, तो आवाज त्याच्या कानावर पडला. त्याला सगळं कळलं. माणसाचा चेहरा किती लवकर पांढरा होऊ शकतो ते तिघींनी पाहिलं. त्याने सगळ्यात आधी थिनरच्या डब्याचं झाकण लावलं.

"फळी," तो म्हणाला.

सिस्टरांनी ओढणी हळूच उचलली. वेल जशीच्या तशी होती, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. कोरायचं राहिलं होतं ते अगदी टोकाचं पान, आणि त्याच्या आधीच्या पानाच्या कडेला बोटाच्या पेराएवढा काळसर डाग पडला होता.

रिले काही बोलणार, तेवढ्यात सिस्टरांनी केसांतलं पाणी पिळलं आणि त्या भारावल्यासारख्या खोलीभर बघू लागल्या.

"काय बुद्धी आहे रे तुझी," त्या म्हणाल्या. "आत धूर झाला की वर घंटा वाजते. दार आपोआप उघडतं, बाहेरच्या माणसाला आत येता यावं म्हणून. आणि वर पाणीसुद्धा सुरू होतं. आमच्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आगीसाठी वाळूच्या दोन बादल्या होत्या, आणि त्यांत मांजर बसायचं."

सासूबाईंनी जावयाकडे असं पाहिलं, जसं त्यांनी त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"आमचे जावई पहिल्यापासून विचारी," त्या सिस्टरांना म्हणाल्या. "मी म्हणायचे ना, आगीचं बघा, आगीचं बघा. बघितलं त्यांनी."

खोटं पचवायला जी सवय लागते ती रिलेला नव्हती. त्याने सांगून टाकलं. नंबर बदलले, जुना प्रोग्रॅम बदलायचा राहिला, त्यामुळे पंखा आणि हवा सुरूच झाली नाहीत, म्हणून तर आग लागली. घंटा, दार, पाणी हे सगळं चुकून झालं. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"चुकून घंटा वाजली, समजू," त्या म्हणाल्या. "चुकून दारही उघडलं, समजू. पण चुकून तिन्ही, आणि ज्या घरात धूर झाला त्याच घरात? इतकं नम्र असू नये माणसाने. लोक घड्याळं देतात मग."

त्याने पुन्हा समजावून सांगितलं, बोटांवर नंबर मोजून. सिस्टर हसत राहिल्या. सासूबाईंना तर एकही शब्द ऐकायचा नव्हता. या घरात आजवर रिलेने पुष्कळ थापा मारल्या होत्या, बघतो, करतो, उद्या नक्की, आणि त्या सगळ्या खपल्या होत्या. एकदा खरं बोलायला गेला तर गिऱ्हाईक नाही.

बायकोला मात्र नंबरांतलं कळत नव्हतं असं नाही. घर सगळ्यात आधी, हे वाक्य तिने ऐकलं होतं. ती मोटर बंद करून आली, तिने फडकं आणलं आणि रिलेच्या शेजारी बसून चहा पुसायला लागली.

"पहिले चार नंबर घराला दिलेत ना," तिने हळू आवाजात विचारलं.

"तू म्हणाली होतीस."

"मी नळाबद्दल म्हणाले होते."

तिने फडकं पिळलं.

"परत यंत्राला द्या ते," ती म्हणाली. "आम्ही मागे राहू. आम्हाला चालतं, आम्ही पेट घेत नाही." मग म्हणाली, "तुमच्या शेजारी तो डबा उघडा होता. तीन घंटा ऐकून वरून उतरताना माझ्या पायाखाली जिना आहे की नाही, ते मला कळत नव्हतं."

रिलेला तेव्हा खूप काही म्हणायचं होतं. सिस्टर वेळेवर आल्या म्हणून, ती चहाचं भांडं घेऊन धावली म्हणून, सासूबाई गुडघे घेऊन उतरल्या म्हणून, आणि स्वतःची चूक एवढी मोठी असूनसुद्धा त्या चुकीनेच सगळ्यांना हाक मारून खाली आणलं म्हणून. यातलं काहीही त्याला नीट म्हणता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "दुसरं फडकं दे."

त्याने नंबर जागच्या जागी आणले. पेनड्राइव्हवरचं सगळं उघडून ओळ न् ओळ वाचली. मग शेवटचं पान कोरलं, यंत्रासमोर उभं राहून, मफ एका कानावरून सरकवून. डाग घासून काढतो, असं तो सिस्टरांना म्हणाला. तेवढी कड जरा खोल जाईल, पण कोणाला दिसणार नाही.

सिस्टरांनी त्याच्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला.

"जन्मखूण आहे ती," त्या म्हणाल्या. "धुऊन काढायची नसते."

खुर्ची घरी गेली. सिस्टर त्यात बसल्या आणि म्हणे चहा निवेपर्यंत उठल्या नाहीत, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं. पण स्वस्थ बसतील त्या सिस्टर कसल्या. बसल्या बसल्या त्यांनी आपल्या जुन्या प्रसूतिगृहात निरोप धाडला, की आमच्या एका मिस्त्रीकडे आगीची अशी व्यवस्था आहे, जी तुमच्या बापजन्मी तुम्ही पाहिली नसेल. पाठोपाठ तिथली माणसं रिलेच्या दारात. त्याने त्यांनाही खरं सांगितलं. त्यांनीही ते नम्रपणात जमा केलं आणि कधी बसवताय म्हणून विचारलं.

त्यामुळे जे चुकून झालं होतं ते आता मुद्दाम करणं भाग पडलं. रिलेने धूर ओळखणारा एक डबा आणला, छताला लावला आणि मोकळ्या नंबरांतला एक नवा नंबर घेऊन त्यात लिहिलं, यंत्र थांबव, घंटा लाव, दार उघड, पाणी सोड. आधी आपल्या कारखान्यात बसवून त्याने ओल्या भुशाचा धूर करून पाहिला. सगळं त्या दिवशी झालं तसं झालं. फक्त सासूबाई आल्या नाहीत. गुडघे दुखत होते. मग त्याने यंत्र आणि नंबर वगळून, नुसत्या रिलेंवर, तसंच प्रसूतिगृहात नेऊन बसवलं, ज्या बाकावरून त्याला एकदा उठल्यावर बसता आलं नव्हतं त्या बाकाच्या वरच्या छताला. तिथे काम करताना त्याने मजुरीचं नाव काढू दिलं नाही. मांजराला दुसरी जागा शोधावी लागली.

आणि त्याने नळ दुरुस्त केला. वॉशर बदलला, हाताने, पान्याने. एकही रिले न वापरता. बायको शेजारी उभी राहून बघत होती. तिने निळी बादली नळाखालून उचलली, तरी नळातून थेंबही पडेना, तेव्हा बादलीचं आता काय करायचं हा प्रश्न तिला पडला.

तो तिने आपला आपण सोडवला. अजूनही खालून एक घंटा वाजली की ती चहा घेऊन येते. एका हातात कप, दुसऱ्या हातात निळी बादली, काठोकाठ भरलेली. रिले आधी बादली घेऊन यंत्राशेजारी ठेवतो, मग कप घेतो. बादली अजून एकदाही लागलेली नाही. संध्याकाळी ती तशीच भरलेली वर जाते. जिना चढताना पाणी हिंदकळतं, पायऱ्या ओल्या होतात आणि सासूबाई ओरडतात. पण बायकोने कधी बादली आणायची सोडली नाही, आणि रिलेनेही कधी कशाला म्हणून विचारलं नाही.